पेठेतलं पणजोबांचं घर नेमकं कुठे होतं? शोधायची रीत

‘मारुतीच्या देवळामागे, दुमजली, पुढे ओटा.’ बहुतेक लोक एवढ्याच भांडवलावर निघतात. बाजारपेठेच्या गावात मारुती चार-पाच तरी असतात. ओटे गटाराच्या कामात कधीच गेलेले असतात आणि दुमजली घराच्या जागी कापड दुकानाची चार मजली इमारत उभी असते. दोन दिवस फिरून, दोन म्हाताऱ्यांना विचारून, ‘हेच असावं बहुतेक’ म्हणत एका शटरचा फोटो काढून मंडळी परत येतात.

बार्शी, अमळनेर, लातूर, खामगाव यांसारख्या गावांच्या जुन्या पेठा बदलल्या त्याची कारणं ठरावीक आहेत. खाली अडत किंवा दुकान, मागे वखार आणि वर बिऱ्हाड अशी इथल्या घरांची बांधणी असे. बाजार समित्या आल्या, मार्केट यार्ड गावाबाहेर गेलं, तशी अडत पेठेतून उठली आणि वाडे विकले गेले किंवा वाटण्यांत चिरले गेले. त्यावर विकास आराखड्यातलं रस्तारुंदीकरण आलं. पश्चिम महाराष्ट्रात गांधीहत्येनंतर झालेल्या 1948 च्या जाळपोळीनंतरही बरीच घरं विकून कुटुंबं शहराकडे गेली. घराचं रूप, रस्त्याचं नाव आणि घर क्रमांक या तिन्ही गोष्टी अशा बदलत राहतात. त्या मानाने टिकून राहते ती जागेची हद्द आणि हद्दीला लागून असलेला शेजार. म्हणून शोध घ्यायचा तो जागेच्या क्रमांकाचा आणि चार बाजूंच्या शेजाऱ्यांचा. पणजोबांचं नाव फक्त शोध सुरू करायला उपयोगी पडतं.

आधी घरातली ट्रंक

गावाला जाण्याआधी हे काम पुरं करा. ‘घराचे कागद’ एवढंच बघू नका. सनद, खरेदीखत, गहाणखत आणि वाटणीपत्र मिळालं तर उत्तमच. पण घरपट्टीची एखादी पावती, कोर्टाचं समन्स, विम्याची पॉलिसी, लग्नपत्रिकेवरचं ‘विवाहस्थळ: राहते घरी’ किंवा नुसतं पोस्टकार्डसुद्धा चालतं. पोस्टकार्डावर पत्त्याइतकाच पोस्टाचा शिक्का महत्त्वाचा, कारण त्यावर तारीख असते.

सनद सापडली तर अर्धं काम झालं म्हणा. नगर भूमापनाच्या, म्हणजे गावातल्या घरजागांच्या सरकारी मोजणीच्या वेळी घरधारकाला सनद फी घेऊन हा कागद दिला जाई. त्यावर नगर भूमापन क्रमांक असतो, शिवाय जागेचा लहानसा नकाशा आणि बाजूंची मापंही असतात. लोक तो ‘जुना नकाशा’ म्हणून बाजूला ठेवतात आणि शाळेच्या दाखल्यात डोकं घालून बसतात.

यानंतर एका कागदावर माणसं आणि वर्षं मांडा: कोण, कोणत्या सालापासून, कोणत्या सालापर्यंत तिथे राहिलं, आणि हे कोणत्या कागदावरून कळतं. शेवटचा रकाना रिकामा राहिला तर ती फक्त ऐकीव गोष्ट आहे, एवढं लक्षात ठेवा. याच कागदावर एक प्रश्न ठळक लिहा: घर मालकीचं होतं की भाड्याचं? घराण्यात ‘आपला वाडा’ म्हणून सांगितलेली जागा भाड्याची निघणं फार साधारण आहे. तसं असेल तर मालकी हक्काच्या कागदात पणजोबांचं नाव कधीच दिसणार नाही. त्यासाठी दुसरी वाट आहे, ती पुढे येईल.

जुन्या कागदांवरची सालं लगेच इसवी सनात फिरवून घ्या. शके असेल तर 78 मिळवा; पौषापासून फाल्गुनापर्यंतची तिथी जानेवारीनंतर पडत असेल तर 79. फसली सनात 590 मिळवा, म्हणजे फसली 1340 चं साल 1930-31 येतं. गुजराती-मारवाडी पेढीच्या कागदावर विक्रम संवत असतो. तो कार्तिकात बदलतो, म्हणून कार्तिक ते डिसेंबर 57 वजा करा आणि पुढच्या महिन्यांना 56. एका वर्षाची चूक किरकोळ वाटते, पण नोंदणी कार्यालयात शोध वर्षवार होतो आणि फी वर्षागणिक पडते.

गावांची आणि पेठांची नावंही तपासा. जुन्या इंग्रजी कागदांत सोलापूर ‘शोलापूर’ आणि बार्शी ‘बार्सी’ असतं. जुन्या रेल्वे कागदांतलं ‘बार्शी रोड’ म्हणजे बार्शी नव्हे, ते कुर्डुवाडी. पुण्यात वेताळ पेठेची गुरुवार पेठ झाली आणि गंज पेठेची महात्मा फुले पेठ. अहमदनगर आता अहिल्यानगर आहे, उस्मानाबाद धाराशिव. ऑनलाइन याद्यांत नवी नावं आणि स्कॅन केलेल्या दप्तरांत जुनी, असा घोळ असतो. दोन्ही नावांनी शोधा.

गाव तेव्हा कोणाच्या राज्यात होतं?

हे ठरवल्याशिवाय कोणत्या कार्यालयाचं दार ठोठवायचं ते कळत नाही. मुंबई इलाख्यातल्या गावांत नगर भूमापन (लोकांच्या तोंडी ‘सिटी सर्व्हे’) आणि त्याचा क्रमांक, म्हणजे सी.टी.एस. नंबर, हाच पाया. विदर्भातल्या पुष्कळ पेठा नझूल, म्हणजे सरकारी मालकीच्या, जमिनीवर आहेत. तिथे नझूल शीट नंबर आणि भूखंड क्रमांक विचारायचा आणि भाडेपट्ट्यांच्या नूतनीकरणाचे कागदही मागायचे. मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथलं जुनं दप्तर उर्दूत असतं आणि घर क्रमांक 4-12-34 अशा तीन आकड्यांच्या साखळीत. कोल्हापूर, सांगली, औंध, भोर अशा संस्थानी गावांचं विलीनीकरणाआधीचं दप्तर वेगळ्या ठिकाणी असू शकतं. ‘संस्थानी दप्तर कुठे आहे’ हा प्रश्न तहसील कार्यालयातल्या अभिलेखपालाला पहिल्याच भेटीत विचारा.

मिळकत पत्रिका उलटी वाचा

क्रमांक माहीत असेल तर ‘महाभूलेख’ या सरकारी संकेतस्थळावर जागेची मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) बघता येते. नसेल तर नावाने शोध घेता येतो, पण त्यात आजच्या धारकांची नावं येतात. पणजोबांचं नाव तिथे सापडेल ही अपेक्षा ठेवू नका.

पत्रिकेच्या वरच्या भागात शीट नंबर, क्षेत्र आणि धारणाधिकार असतो. त्याखाली एक ओळ असते, ‘हक्काचा मूळ धारक’, आणि सोबत वर्ष. लोकांची नजर खालच्या तक्त्यातल्या ताज्या नोंदीवर जाते. तुमचं काम वरच्या ओळीत आहे. मूळ धारकापासून सुरुवात करून तक्त्यातली एकेक नोंद खाली वाचा: दिनांक, व्यवहार, खंड क्रमांक, नवीन धारक, साक्षांकन. नवीन धारकाच्या रकान्यात ‘धा’ म्हणजे धारक, ‘प’ म्हणजे पट्टेदार आणि ‘भा’ म्हणजे भार, जागेवरचा कर्जाचा बोजा. पतपेढीचा किंवा सावकाराचा भार दिसला की खूश व्हा, कारण त्याच्या मागे गहाणखत असतं आणि गहाणखतात जागेचं पूर्ण वर्णन.

ऑनलाइन पत्रिका पुष्कळदा नव्याने लिहिलेली असते. जुनी, हस्तलिखित, रद्द झालेली पत्रिका भूमि अभिलेख उपअधीक्षकांच्या कार्यालयात किंवा मोठ्या गावी नगर भूमापन अधिकाऱ्याकडे मागा. तिथे रोजच्या कामाचा माणूस म्हणजे परिरक्षण भूमापक. नकलेच्या अर्जात तीन गोष्टी वेगवेगळ्या मागा: जुनी मिळकत पत्रिका, त्या क्रमांकाचा चौकशी नोंदवहीचा उतारा आणि नकाशा शीटची नक्कल. ‘सर्व कागद द्यावेत’ असं लिहिलं तर फक्त ताजी पत्रिका हातात येते.

या तिन्हीत चौकशी नोंदवही सर्वांत मोलाची, आणि सर्वांत दुर्लक्षित. भूमापनाच्या वेळी चौकशी अधिकारी घरोघर जाऊन हक्क कशावरून सांगता ते विचारत. उत्तर थोडक्यात लिहिलेलं असतं: वडिलोपार्जित, अमुक साली अमक्याकडून खरेदी, भिंत सामाईक, बोळ वहिवाटीचा. तुमचं कुटुंब भूमापनाआधीच गाव सोडून गेलं असेल तर पत्रिकेवर थेट खरेदीदाराचं नाव येतं, पण ‘कोणाकडून खरेदी’ हे या वहीत सापडू शकतं. काही गावांचं भूमापन स्वातंत्र्याआधी झालं, पुष्कळांचं 1960 नंतर. तुमच्या गावाचं साल पहिल्याच दिवशी विचारून घ्या, म्हणजे कोणता कागद कोणत्या पिढीचा ते कळेल.

नाव शोधताना हमखास फसवणारे प्रकार असे. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, तेव्हा घर सर्व भावांचं असलं तरी नाव थोरल्याचंच लागतं. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. वडील लवकर गेलेल्या मुलाच्या नावापुढे आई किंवा काकाचं नाव येतं. कधी घर देवस्थानाच्या नावावर असतं आणि कुटुंब फक्त वहिवाटदार. आडनाव तर सर्वांत बेभरवशाचं. बाजारात माणूस धंद्यावरून किंवा मूळ गावावरून ओळखला जाई आणि तेच कागदावर चढे. जुन्या नोंदींत कित्येकदा आडनाव नसतंच, नुसतं नाव, वडिलांचं नाव आणि ‘वल्लद’ किंवा ‘बिन’ (अमक्याचा मुलगा) एवढंच. म्हणून स्वतःचं, वडिलांचं आणि आजोबांचं अशी तीन नावं जुळल्याशिवाय ‘सापडलं’ म्हणू नका.

भाडेकरूचा माग: घरपट्टीची वही

पणजोबा भाड्याने राहत असतील, किंवा मालकी हक्काच्या कागदांत काहीच लागत नसेल, तर नगरपालिकेची कर आकारणी नोंदवही काढा. तिच्यात मालक आणि भोगवटादार हे दोन रकाने वेगळे असतात. भाडेकरूचं नाव दुसऱ्या रकान्यात असतं. गाव तेव्हा ग्रामपंचायतीत असेल तर हीच गोष्ट ‘नमुना 8’ मध्ये.

नगरपालिकेत दर चार वर्षांनी फेरआकारणी होते आणि तेव्हा घर क्रमांक बदलू शकतात. त्यामुळे आजचा घर क्रमांक घेऊन 1950 च्या वहीत उडी मारली तर भलत्याच घरावर पडाल. एकेक आकारणी मागे जा. बहुतेक वह्यांत ‘जुना क्रमांक’ हा रकाना असतो. त्याचा धागा धरून 2000, 1996, 1992 असं उतरायचं. काम कंटाळवाणं आहे, आणि मधली एखादी वही पुरात किंवा वाळवीने गेलेली असते. अशा वेळी क्रमांक सोडा आणि ओळीतला क्रम धरा. वही गल्लीत चालत जाऊन लिहिलेली असते. आधीचं घर कासारांचं आणि नंतरचं तालमीचं असेल, तर मधलं घर पुढच्या वहीत याच दोघांच्या मध्ये सापडतं, क्रमांक काही का असेना.

वह्या दाखवायला टाळाटाळ झाली तर माहिती अधिकाराचा अर्ज करा, फी 10 रुपये. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांत हवा. ‘अमुक वॉर्डाच्या 1948 ते 1965 च्या कर आकारणी नोंदवह्यांची पाहणी’ अशी पाहणीच मागा. नक्कल मागितली तर ‘आढळून येत नाही’ हे सोपं उत्तर येतं. पाहणीत कपाट उघडावं लागतं.

पूरक कागद म्हणून शाळेचं जनरल रजिस्टर, जुनी मतदार यादी आणि बाजार समितीची जुनी अडत परवाना नोंदवही बघा. जन्ममृत्यूच्या नोंदी (गाव नमुना 14, म्हणजे ‘कोतवाल बुक’) तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. 2023 पासूनच्या कुणबी नोंदींच्या शोधमोहिमेत अनेक जिल्ह्यांनी अशी दप्तरं स्कॅन करून संकेतस्थळावर टाकली. तुमची जात कोणतीही असो, त्या पानांवर तुमच्या गल्लीतली माणसं आहेत. ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावरही तुमचा जिल्हा आहे का ते पाहा. नाशिक, त्र्यंबकेश्वर इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतून वंशावळ आणि गाव पक्कं होतं. घराचा पत्ता मात्र तिथे क्वचितच मिळतो.

चतुःसीमा वाचणं

खरेदी, गहाण, वाटणी यांचे नोंदवलेले दस्त दुय्यम निबंधक कार्यालयात असतात. सूची क्रमांक 1 नावाने लागते, सूची क्रमांक 2 मिळकतीने. जुन्या काळासाठी तिथे जाऊनच शोध घ्यावा लागतो. ऑनलाइन सोय अलीकडच्या दस्तांची. अंदाजे सालाच्या मागेपुढे दोन-दोन वर्षं धरा. वहीची पानं फाटलेली असतील तर शोध अहवालात तसं लिहून मागा, नाहीतर ‘नोंद नाही’ आणि ‘पान नाही’ यांतला फरक पुढे कोणालाच कळणार नाही. शंभर रुपयांखालच्या खरेदीला नोंदणी सक्तीची नव्हती, त्यामुळे लहान घरांचे जुने व्यवहार इथे नसणंही शक्य आहे.

1950 च्या आधीचे अनेक दस्त मोडीत आहेत. ‘मोडी वाचून देणारे’ सर्वच सारखे नसतात. दस्ताचं सारांशाने भाषांतर नको, ओळीला ओळ असं देवनागरी लिप्यंतर मागा. सारांशात पहिल्यांदा गळते ती चतुःसीमा, आणि तुम्हाला नेमकी तीच हवी असते.

चतुःसीमेचा नमुना असा असतो: ‘पूर्वेस सरकारी रस्ता, दक्षिणेस कासारांचे घर व सामाईक भिंत, पश्चिमेस आड व त्यापलीकडे परसू, उत्तरेस जाण्यायेण्याचा बोळ.’ यातून चार गोष्टी निघतात. रस्ता पूर्वेला, म्हणजे घर पूर्वाभिमुख. पश्चिमेकडे तोंड असलेली सगळी घरं बाद. कासारांशी भिंत सामाईक, म्हणजे कासारांच्या मिळकत पत्रिकेवरचा क्रमांक मिळाला की तुमचा शेजारचा. बोळ ‘जाण्यायेण्याचा’, तेव्हा नकाशात तो वेगळा दिसायला हवा. आणि आड. आड बुजवला तरी जुन्या शीटवर त्याची खूण राहते.

तुमच्या पणजोबांचा दस्त मिळाला नाही तर शेजाऱ्यांचे दस्त काढा. कासारांच्या खरेदीखतात ‘उत्तरेस अमक्याचे घर’ म्हणून तुमच्या पणजोबांचं नाव आलं, तर तो पुरावा स्वतःच्या खरेदीखताइतकाच भक्कम धरायला हरकत नाही. अडून बसलेले कितीतरी शोध या एका युक्तीने सुटतात.

जुन्या दस्तात आकार खणांत किंवा अंकणांत असतो: ‘तीन खणी माडी’, ‘पाच अंकणी घर’. खण म्हणजे दोन खांबांमधलं अंतर. ते लाकडाच्या लांबीवर ठरे, त्यामुळे खणांवरून फूट काढायच्या फंदात पडू नका. खणांची संख्या फक्त ‘मोठं की लहान’ एवढं सांगते. चौरस यार्ड असतील तर मात्र हिशेब पक्का: 0.836 ने गुणलं की चौरस मीटर.

शीट घेऊन गल्लीत

नगर भूमापनाची शीट बहुधा 1:500 प्रमाणाची असते, म्हणजे कागदावरचा 1 सेंटिमीटर जमिनीवर 5 मीटर. कोपऱ्यात लिहिलेलं प्रमाण आधी वाचा. झेरॉक्स लहान करून काढलेली असेल तर प्रमाण बिघडतं; शीटवरच्या एखाद्या मोजलेल्या बाजूशी पडताळा घ्या.

गल्लीत गेल्यावर घरापासून सुरुवात करू नका. सहसा न हलणाऱ्या खुणांपैकी तीन आधी जुळवा: देऊळ, मशीद, वेस, पार, तालीम, सार्वजनिक विहीर. देवळांबाबत एक सावधगिरी. जीर्णोद्धारात देऊळ दोन-चार फूट पुढेमागे सरकतं, म्हणून एकट्या देवळावर भिस्त ठेवू नका. तीन खुणा बसल्या की 30 मीटरचा टेप घेऊन कोपऱ्यापासून दर्शनी लांब्या मोजत या. गल्लीची वळणं जुन्या शीटशी सहसा जुळतात, कारण इमारती बदलल्या तरी बोळ कोणी सोडत नाही.

जुन्याचा मागमूस समोरून दिसत नाही. मागच्या बोळात जा. दगडी जोतं, पांढऱ्या मातीची रुंद भिंत, मोरीचं तोंड, भिंतीतली देवळी आणि सोलापूर-मराठवाड्याकडे एखाद्या खोलीवर टिकलेलं माळवद असे अवशेष मागच्या बाजूला राहतात, कारण तिथे दुकानाचा दर्शनी भाग करायचा नसतो.

माणसांना विचारताना ‘अमक्यांचा वाडा कुठे होता’ असं विचारलं की नम्रपणे कुठेतरी बोट दाखवलं जातं. त्याऐवजी ‘कासारांच्या शेजारी पूर्वी कोण राहायचं?’ असं विचारा. जुने सोनार, शिंपी, न्हावी आणि नगरपालिकेतले निवृत्त वसुली कारकून यांची माहिती चांगली असते, कारण त्यांना घरं ओळीने पाठ असतात. दोघांना वेगवेगळं विचारा. एकत्र बसवलं की दुसरा पहिल्याच्या हो ला हो मिळवतो.

सध्या राहणाऱ्यांच्या दारात मात्र हातात मिळकत पत्रिका घेऊन उभं राहू नका. जागेवर दावा सांगायला आलेत, हाच पहिला समज होतो, आणि मग ना घर बघायला मिळतं ना गोष्ट ऐकायला. नाव, गाव, ‘आमचे आजोबा लहानपणी या गल्लीत होते, जागा बघायला आलोय, बाकी काही नाही’ एवढं आधी बोला. फोटो विचारल्याशिवाय काढू नका. घराऐवजी आड कुठे होता ते विचारा. त्यावर लोक मोकळे बोलतात आणि मागच्या अंगणात स्वतःच घेऊन जातात.

शेवटची पडताळणी क्षेत्राची. जुन्या पत्रिकेवर 150 चौरस यार्ड, म्हणजे 125.4 चौरस मीटर, आणि नव्यावर 98 असेल, तर 27.4 चौरस मीटर कुठे गेले? दर्शनी बाजू 9 मीटरची असेल तर जागेचं पुढून मागेपर्यंतचं माप साधारण 3 मीटरने कमी झालं. पत्रिकेवर पोटहिस्सा दिसत नसेल तर रुंदीकरणाचा संशय धरा आणि कमी-जास्त पत्रक, म्हणजे ‘क.जा.प.’, मागा. त्यात कोणत्या बाजूने किती जागा गेली ते लिहिलेलं असतं. ती बाजू रस्त्याची असेल, तर पणजोबांचा ओटा आणि ओसरी आजच्या दुकानाच्या शटरमागे शोधण्यात अर्थ नाही. शटरकडे तोंड करून तीन मीटर मागे या. दुचाक्या लावतात ती जागा.